मुलाखतीला जाताना वाळूज घरी ठेवू नका

वाचकाचे पत्र: "माझे वय ४१. मी मूळची माजलगावची; वडील मोंढ्यातील एका आडत दुकानात मुनीम होते. सनदी लेखापाल झाल्यानंतर गेली १५ वर्षे मी वाळूजमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे आणि सध्या वित्त विभागाची महाव्यवस्थापक आहे. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीने वित्तप्रमुख पदासाठी मला बोलावले आहे. ही कंपनी खासगी दवाखान्यांना वार्षिक वर्गणीवर सॉफ्टवेअर पुरवते. पहिली फेरी झाली. आता संस्थापक आणि गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी मुलाखत घेणार आहेत. तंत्रज्ञान क्षेत्राचा मला काडीचाही अनुभव नाही. कारखान्याविषयी कमीत कमी बोलावे आणि त्यांची परिभाषा पाठ करून जावे, असे एक मैत्रीण सांगते. इंग्रजी बोलताना मी अडखळते. मोबदल्याचा मोठा भाग ईसॉपच्या (कंपनीचे समभाग ठरलेल्या किमतीला घेण्याच्या पर्यायांच्या) रूपाने देऊ, असे ते म्हणतात. शिवाय इथल्या मालकांनी मला घरच्यासारखे वागवले आहे. मी काय करावे?"
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण तिचा सल्ला मानू नका. त्या कंपनीत तंत्रज्ञान जाणणारी माणसे भरपूर आहेत आणि त्यांना आणखी एक नको आहे. त्यांना हवी आहे पैशाची वाट ओळखणारी व्यक्ती, आणि तीही बहुधा अशासाठी की आजवर तो हिशेब संस्थापकांनी अर्धा डोक्यात आणि अर्धा एक्सेलच्या तक्त्यात सांभाळलेला आहे. पंधरा दिवसांत पाठ केलेली परिभाषा तिसऱ्या उपप्रश्नाला उघडी पडते. लातूर पॅटर्नने आपल्याकडच्या किती मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचवले हे आपण पाहिले आहे, पण ती पद्धत चालते ती प्रश्नांचा साचा आधी ठाऊक असतो म्हणून. वरिष्ठ पदाच्या मुलाखतीत तुमच्याच उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, आणि उत्तर उसने असेल तर त्यातून निघालेला प्रश्न पेलत नाही.

परिभाषा शिकू नका, असे मी म्हणत नाही. ती शिकाच, मात्र शब्दापासून नव्हे तर व्यवहारापासून सुरुवात करून शिका. ही कंपनी वर्षाचे पैसे आधी घेते आणि सेवा वर्षभर देते. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या असल्यामुळे असा व्यवहार तुम्ही लहानपणापासून पाहिलेला आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे त्या पैशाला कमाई म्हणत नाही; ऊस तुटत जातो तशी उचल फिटत जाते आणि हंगामाच्या शेवटी ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. (ऊसतोड कामगारांचे हाल आणि वातानुकूलित कार्यालयातला धंदा यांची तुलना मला करायची नाही, हिशेबाची रचना तेवढी सारखी आहे.) एखाद्या दवाखान्याने १ जानेवारीला वर्षभराचे १२ लाख रुपये भरले, तर ३१ मार्चपर्यंतचे उत्पन्न ३ लाखच धरायचे आणि उरलेले ९ लाख ताळेबंदात दायित्वाच्या बाजूला दाखवायचे. पैसा बँकेत आहे, पण तो अजून कमावलेला नाही. वर्गणीवर चालणाऱ्या कंपनीच्या वित्तप्रमुखाला या ९ लाखांचे भान प्रत्येक बैठकीत ठेवावे लागते, कारण खात्यात पैसा दिसला की तो खर्च करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

याच १२ लाखांवर दुसरा विचार जीएसटीचा. सेवेच्या बाबतीत आगाऊ रक्कम हाती आली की कर देय होतो, त्यामुळे १८ टक्क्यांनी २ लाख १६ हजार रुपये लगेच सरकारजमा करावे लागतात, मग उत्पन्न बारा महिन्यांत विभागून येत असले तरी. आणि इथे एक मुद्दा असा आहे की जो तुम्ही स्वतःहून मांडलात तर समोरची माणसे सावरून बसतील. दवाखान्यांची आरोग्यसेवा बहुतांशी करमुक्त असल्यामुळे त्यांना या १८ टक्क्यांची वजावट सहसा मिळत नाही. कारखान्याला सॉफ्टवेअर विकले तर कर हा ग्राहकाच्या दृष्टीने वळता होणारा पैसा असतो. दवाखान्याला विकले तर तो निव्वळ खर्च असतो. म्हणजे विक्रेता १२ लाख म्हणतो तेव्हा दवाखान्याचा मालक मनात १४ लाख १६ हजार मोजत असतो. किंमत ठरवताना हा विचार केला जातो का, एवढे विचारून पाहा.

आता वाळूजकडे येतो, कारण तुमची खरी पुंजी तिथे आहे आणि तीच तुम्ही लपवायला निघाल्या आहात. वाहन कंपनीबरोबर पोलादाच्या दराचा फरक मागील तारखेपासून मिटवला जातो, मधेच डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते, आणि मार्चअखेर 'शेवटी नेमका कोणता दर मिळेल' याचा अंदाज बांधून तुम्हाला विक्री धरावी लागते. हे काम तुम्ही पंधरा वर्षे केले आहे. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड-एएस ११५ या उत्पन्नविषयक भारतीय लेखामानकात याला बदलता मोबदला म्हणतात आणि माझ्या मते त्या मानकातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. सॉफ्टवेअर कंपनीत पोलाद नसते, पण वापरानुसार सवलत असते, सेवा बंद पडली तर वर्गणीतून द्यावी लागणारी सूट असते, आणि वर्षअखेर त्यांचा अंदाज तसाच प्रामाणिकपणे बांधावा लागतो. डायचा, म्हणजे सुटा भाग घडवण्याच्या साच्याचा, खर्च कोणाचा, तो किती नगांवर पसरायचा, यावरून तुम्ही ग्राहकाशी आणि लेखापरीक्षकांशी वाद घातले असतील. तिकडे हाच प्रश्न अभियंत्यांच्या पगाराविषयी निघतो. नवे उत्पादन घडवताना झालेला पगारखर्च नफा-तोट्यात टाकायचा की मालमत्ता म्हणून ताळेबंदात न्यायचा? इंड-एएस ३८ नुसार संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. विकासाच्या टप्प्यावरचा खर्च मालमत्ता ठरतो तो तांत्रिक शक्यता, पूर्ण करण्याचा इरादा, त्यासाठीची साधने, भविष्यातला लाभ, खर्चाची विश्वासार्ह मोजणी अशा अटी पुऱ्या झाल्यावरच. नफा हवा असेल तेव्हा पगार ताळेबंदात ढकलण्याचा मोह किती होतो, हे तुम्हाला डायच्या अनुभवावरून कोणी सांगायला नको. भाड्याच्या सर्व्हरचे मासिक बिल म्हणजे तुमचे वीजबिल समजा: यंत्रतासाचा दर काढताना ते ज्या कसोशीने वाटून टाकता, त्याच कसोशीने ते प्रत्येक ग्राहकावर वाटले तर कोणता दवाखाना खरोखर नफा देतो ते दिसते. अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत हे कोणी केलेले नसते. तुम्ही ते करू शकता, हे सांगायला संकोच कसला?

एक आकडेमोड मात्र नव्याने हाताशी ठेवा. समजा वर्षाच्या आरंभी १०० ग्राहक आहेत आणि प्रत्येकाची वर्गणी १ लाख, म्हणजे एकूण १ कोटी. वर्षात १२ ग्राहक सोडून गेले, राहिलेल्यांपैकी ४० जणांनी वर्गणी २५ टक्क्यांनी वाढवली, आणि ३० नवे आले. संस्थापक सांगतील की वर्गणी १ कोटीवरून १ कोटी २८ लाखांवर गेली, वाढ २८ टक्के. ते खोटे नाही. पण जुन्या ग्राहकांपुरते पाहिले तर १०० लाखांतून १२ गेले आणि १० आले, उरले ९८. म्हणजे नवी विक्री उद्या थांबली तर धंदा हळूहळू आक्रसेल. गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी या ९८ कडे पाहतात. त्याच्या जोडीला ते विचारतील की एक नवा ग्राहक मिळवायला किती खर्च येतो आणि तो किती महिन्यांत वसूल होतो. महिन्याला १० हजार वर्गणी, थेट खर्च वजा जाता उरतात साडेसात हजार, आणि ग्राहक मिळवायला लागले ९० हजार, तर वसुलीला बारा महिने. बँकेत १८ कोटी आणि दर महिन्याची निव्वळ तूट दीड कोटी, तर हातात बारा महिने. चर्न (ग्राहकांची गळती), बर्न (महिन्याची तूट), रनवे (शिल्लक पुरेल तेवढे महिने) हे शब्द या साध्या भागाकारांचीच नावे आहेत. शब्द विसरलात तरी चालेल, भागाकार चुकता कामा नये.

कंपनी खासगी असली तरी तिचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतात. मागील तीन वर्षांचे ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचे अहवाल काढा आणि टिपांसह वाचा. कंपनी इंड-एएस पाळते की जुनी लेखामानके हेही त्यातून कळेल. सूचिबद्ध नसलेल्या आणि २५० कोटींपेक्षा कमी नक्त मूल्याच्या कंपनीला इंड-एएस सहसा बंधनकारक नसते आणि वर मी सांगितलेली दोन मानके तिथे जशीच्या तशी लागू नसतील. ते न पाहता मुलाखतीत मानकाचा क्रमांक ठोकून दिलात तर पंचाईत होईल.

हे सगळे झाले तयारीचे. पण संस्थापक तुम्हाला पारखतील ते दुसऱ्याच एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न ते कदाचित हसत हसत विचारतील. "मोठ्या दवाखान्याचा करार झाला आहे, सेवा एप्रिलमध्ये सुरू होईल, पण गुंतवणूकदारांना मार्चचा आकडा दाखवायचा आहे, बिल मार्चमध्ये काढून विक्री दाखवता येईल ना?" या प्रश्नाला दोन वाईट उत्तरे आहेत. एक म्हणजे "बघू, काहीतरी मार्ग काढू," आणि दुसरे म्हणजे नियमांवर दहा मिनिटांचे प्रवचन. मी असेन तर म्हणेन: बिल काढता येईल, पण त्यावरचा जीएसटी मार्चचाच भरावा लागेल आणि मार्चच्या उत्पन्नात त्यातला एक रुपयाही येणार नाही, मात्र गुंतवणूकदारांना 'करार झालेली, अद्याप सुरू न झालेली वर्गणी' अशी वेगळी ओळ उघडपणे दाखवू, कारण ती खरी आहे आणि त्यांना तीही पाहायची असते. बसल्या जागी नकार आणि त्याच वाक्यात वाट, एवढे साधले की बहुतेक काम झाले. हे उत्तर ऐकून संस्थापकांचा चेहरा पडला, तर तुम्हालाही एक महत्त्वाची माहिती मिळाली असे समजा.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत कंपनीचे माजी मुख्य वित्त अधिकारीही होते. गोदाम नाही, यंत्रे नाहीत, जवळजवळ सगळी मालमत्ता बँकेच्या कागदावर, अशा धंद्यात ती शिल्लक खरी आहे का हे पाहण्याचे काम वित्तप्रमुखाचे असते. म्हणून तुमची पाळी येईल तेव्हा निःसंकोच विचारा की बँकेकडून शिलकेची खातरजमा थेट कोण घेतो, बिलाची प्रणाली आणि हिशेबाची प्रणाली यांचा मेळ दर महिन्याला घातला जातो का, महिन्याचे हिशेब कितव्या दिवशी बंद होतात, आणि एप्रिल-मेमध्ये मार्चच्या किती बिलांवर क्रेडिट नोट (बिल कमी किंवा रद्द केल्याची चिठ्ठी) निघाल्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आवश्यक झाले आहे. त्यांच्याकडे ती सोय वर्षभर चालू होती का आणि लेखापरीक्षकांनी त्यावर काय शेरा मारला, हे अहवालात वाचून मगच विचारा. या पदावर आधी कोण होते आणि ती व्यक्ती का गेली, हा प्रश्न अवघड वाटतो, पण न विचारणे अधिक महागात पडते. वडील मुनीम होते म्हणता, तर संध्याकाळी गल्ला आणि रोकड वही जुळेपर्यंत दुकानाचे कुलूप लागत नसे, हे तुम्ही पाहिलेच असेल. हे प्रश्न त्याच जातीचे आहेत.

इंग्रजीविषयी थोडक्यात सांगतो. मी १९९० च्या दशकात मुंबईतील एका कंपनीच्या मुलाखतीला गेलो होतो आणि इंग्रजी सफाईदार वाटावे म्हणून आठवडाभर घोकंपट्टी केली होती. खेळत्या भांडवलाचा एक आकडा त्यांनी विचारला, तो मला ठाऊक नव्हता, आणि सुंदर इंग्रजीत मी अंदाजपंचे आकडा सांगून मोकळा झालो. तो माझ्या आधीच्या उत्तराशी जुळत नव्हता. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी कागदावर एक छोटी रेघ मारली आणि पुढचा अर्धा तास केवळ शिष्टाचाराचा होता. भाषेमुळे मी नापास झालो नाही. तुम्ही लहान वाक्ये बोला, आकडा आधी सांगा आणि कारण नंतर, आणि माहीत नसेल तिथे "हे मला पाहून सांगावे लागेल, पाहण्यासाठी मला अमुक दोन गोष्टी लागतील" असे म्हणा. वर दिलेली आकड्यांची उदाहरणे घरी मोठ्याने, इंग्रजीत, कुणासमोर तरी समजावून पाहा. ऐकणाऱ्याला हिशेब कळत नसेल तर अधिकच चांगले.

पहिल्या ९० दिवसांत काय कराल, असे बहुधा विचारतील. नवी प्रणाली आणू, विभागाची पुनर्रचना करू अशी आश्वासने देऊ नका. पहिला महिना रोकड, कर आणि भविष्यनिर्वाह निधीचे भरणे आणि सर्व मोठे करार स्वतः वाचणे यातच जाईल, असे सांगा.

ईसॉपविषयी तुम्ही अधिक सावध असावे असे मला वाटते, कारण पत्रात तुम्ही 'मोठा भाग' असे लिहिले आहे, संख्या लिहिलेली नाही. "पन्नास हजार पर्याय देऊ" या वाक्याला अर्थ नसतो. एकूण समभाग, सर्व पर्याय आणि परिवर्तनीय रोखे धरून, किती आणि त्यात तुमचे शेकडा किती, हे विचारा. ते कोणत्या किमतीला घ्यावे लागतील आणि किती वर्षांत तुमच्या नावे होतील हेही विचारा. कायद्याने पर्याय दिल्यापासून किमान एक वर्ष जावे लागते आणि चार वर्षांचा टप्पा सर्रास आढळतो. नोकरी सोडल्यावर ते वापरायला किती दिवस मिळतात, ही ओळ करारात शोधून वाचा. समभाग घेताना त्यांचे वाजवी मूल्य आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक पगारी उत्पन्न म्हणून करपात्र होतो, मग तो समभाग तुम्ही विकलेला नसला आणि विकत घ्यायला कोणी नसले तरीही. कर पुढे ढकलण्याची सवलत ठरावीक पात्र नवउद्योगांपुरती आहे. शेवटचा प्रश्न गुंतवणूकदारांच्या पहिल्या हक्काचा. कंपनी १०० कोटींना विकली गेली आणि त्यांचा पहिला हक्क ८० कोटींचा असेल, तर बाकी सगळ्यांनी मिळून २० कोटी वाटून घ्यायचे असतात. माझा स्वतःचा कल असा की घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि पुण्यातले भाडे रोख पगारातून भागले पाहिजे आणि ईसॉप शून्य झाले तरी घर हलता कामा नये. तेवढा रोख पगार मिळत नसेल तर पद कितीही मोठे असो, मी जाणार नाही.

बिऱ्हाड पुण्याला हलवणार का, घरचे काय म्हणतात, असे बाईमाणसाला विचारले जाते आणि पुरुषाला क्वचितच. "ते माझे ठरलेले आहे" एवढे उत्तर पुरे. तपशील देण्याचे बंधन नाही. मात्र ते खरोखर ठरवून जा.

राहिले तुमचे मालक. त्यांच्याविषयी मुलाखतीत एकही उणा शब्द काढू नका आणि त्यांच्या ग्राहकांचे दर, नफ्याचे प्रमाण, बँकेच्या मर्यादा यांचे खरे आकडे उदाहरणादाखलसुद्धा सांगू नका; असे आकडे सांगणारी व्यक्ती उद्या आपलेही सांगेल, हे समोरच्यांना कळते. का सोडता असे विचारले तर पंधरा वर्षांत तिथे शिकण्यासारखे जे होते ते शिकून झाले आणि आता वेगळ्या रचनेचा धंदा सांभाळून पाहायचा आहे, हे खरे कारण खऱ्या स्वरात सांगा. नेमणुकीचे पत्र हातात येईपर्यंत कारखान्यात चकार शब्द काढू नका, पण आल्यावर त्याच दिवशी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन स्वतः सांगा, कारण वाळूजमध्ये बातमी जेवणाच्या सुट्टीच्या आत तीन कारखाने ओलांडते आणि ती दुसऱ्याकडून त्यांच्या कानी जाणे बरे नाही. ते नाराज होतील, कदाचित पगार वाढवून देऊ म्हणतील. त्याचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे, पण त्यांचा पुढचा प्रश्न "मग हे सगळे आता पाहणार कोण?" असा असेल. तेव्हा तुमच्या हाताखालच्यांपैकी पोलादाच्या दरफरकाचा हिशेब कोणाला नीट येतो, हे या आठवड्यातच पाहून ठेवा.